नाहीरावांचा नकार

१

चहाच्या सुट्टीत ऑफिस अर्धं रिकामं झालं असताना चष्मेवाल्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक ओळ उमटली. हातातला कप टेबलावर ठेवायचा तो त्यानं कीबोर्डवरच टेकवला. चहा सगळीकडं पसरला, तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

‘नाही. माझी संमती नाही. एवढी घाई करू नकोस.’

खाली नाव होतं नाहीराव. नावाशेजारी तोच जुना फोटो, कपाळ अर्धं कापलं गेलेला. आणि नाहीरावांना जाऊन दोन हिवाळे उलटले होते.

हे नाव त्यांना ऑफिसनं दिलं होतं आणि पुढं ते स्वतःही तेच लावू लागले. प्रोग्रॅममध्ये हे घाला, ते घाला, असं सांगत कुणीही आलं की त्यांचा पहिला शब्द ‘नाही’. मग नाही का, ते शांतपणे समजावून सांगणार, आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी त्याहून सोपं काहीतरी करून दाखवणार. त्यांचा जोडीदार नेमका उलटा. गिऱ्हाइकानं चंद्र मागितला तरी ‘होय, बघतो’ म्हणायचा. त्याला सगळे होयबा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तोही हसून ओ द्यायचा.

या दोघांनी टायरच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर बसून ‘वाटाड्या’ लिहिला. चार-दोन गाड्या असलेल्या मालवाहतूकदारांसाठी होता तो. कुठली गाडी कुठं पोचली, परत येताना ती रिकामी येण्याऐवजी कुणाचा माल तिच्यात बसेल, असली जुळवाजुळव तो करून द्यायचा. त्याचा कोड त्यांनी जगासाठी उघडा ठेवला. घ्या, वापरा, बदला. फक्त सुधारणा वाटाल तेव्हा त्याही अशाच उघड्या ठेवा. स्वतः चालवायची कटकट ज्यांना नको, त्यांच्यासाठी कंपनी तो चालवून द्यायची आणि त्यावर सगळ्यांचे पगार निघायचे.

आता तो बंद व्हायचा होता. आजवरचा कोड उघडाच राहणार, पण इथून पुढचा कुलपात. त्यासाठी ज्यांनी ज्यांनी वाटाड्यात भर घातली होती, त्या प्रत्येकाची संमती हवी होती. इंटरनेटवरच्या एका उघड्या पानावर एकेकजण येऊन ‘संमती आहे’ असं लिहून गेला होता. नाहीरावांची जागा तेवढी रिकामी होती. तिथं त्यांच्या पत्नीची सही लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चष्मेवाल्यानं होयबांच्या खोलीचं दार ढकललं. त्याला आपला आवाज अनोळखी वाटला.

“साहेब,” तो म्हणाला, “नाहीरावांचं उत्तर आलंय.”

२

कोड कुलपात गेल्यावर कंपनीत पैसा घालणार होते, त्या गुंतवणूकदारांनी व्यवहार जागच्या जागी थांबवला. मेलेल्या माणसाच्या अकाउंटात शिरून कुणी एक ओळ लिहू शकत असेल, तर उद्या कोडमध्येही काहीबाही घुसवेल. त्यांनी परवानेबाईंना पाठवलं.

परवानेबाई हे नाव बहिणीच्या मुलानं पाडलेलं. मावशी काय काम करते असं शाळेत विचारल्यावर त्यानं ‘परवाने वाचते’ म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. एखादी सॉफ्टवेअर कंपनी विकत घेण्याआधी तिच्या कोडमधलं कुठलं कुणाचं, कुठल्या अटीवर घेतलेलं, हे त्या तपासून देत. त्याआधी, आई अंथरुणाला खिळण्यापूर्वी, त्या स्वतः प्रोग्रॅम लिहीत. तेव्हा त्यांनी एकदा वाटाड्यासाठी एक छोटी दुरुस्ती पाठवली होती. उत्तर आलं होतं: ‘नाही. पण तुम्ही दाखवलेली चूक खरी आहे, आणि ती आमच्यापैकी कुणाला दिसली नव्हती.’ पुढं पानभर कारणं. नकार मिळूनही त्या कितीतरी दिवस खूश होत्या. मग ते काम सुटलं. त्या नकाराइतकं लक्ष देऊन आपलं लिखाण पुन्हा कुणी वाचलं नाही, ही रुखरुख मात्र राहिली.

इथं येण्याआधी त्यांनी नाहीरावांचे जुने नकार वाचून काढले होते. हा नवा नकार त्यांच्या पंक्तीत बसत नव्हता, एवढं त्यांना जाणवलं होतं. का, ते अजून नीट सांगता येत नव्हतं.

होयबा त्यांच्यासमोर बसले. फोन टेबलावर पालथा घातलेला. दाढी वाढलेली.

“अडचण कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“अडचण आमच्या सुखातूनच आली. नव्या कंपनीला सर्व्हर जवळजवळ फुकट भाड्यानं देतात, तसे आम्हालाही दिले. आम्ही पाय पसरले. मग भाडं वाढायला लागलं, आणि तोवर सगळं सामान त्यांच्याच घरात. ज्या फुकटच्या प्रोग्रॅमात आम्ही माहिती साठवत होतो, त्यानंही परवाना बदलला. आता त्याचेही पैसे. वर एका मोठ्या कंपनीनं आमचाच वाटाड्या उचलून नवं नाव दिलं आणि आमच्याहून स्वस्तात चालवून देतेय. नियमात बसतं ते. आम्हीच तर सांगितलं होतं, घ्या म्हणून.”

“आणि बंद करायची कल्पना?”

“गुंतवणूकदारांची. खोटं कशाला बोलू, मी होय म्हणालो.”

बाई त्या अकाउंटाकडं वळल्या. ज्या जागेवर हा कोड ठेवलेला होता, ती जागा लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ यापलीकडं काही सांगत नव्हती. अधिक विचारायचं तर वकील लावून महिनोन्‌महिने थांबावं लागलं असतं.

“आत जायला काय लागतं?”

“पासवर्ड, आणि एक चावी. बोटाच्या पेराएवढी असते, कॉम्प्युटरला खुपसायची. ती नसेल तर नुसत्या पासवर्डानं दार उघडत नाही.”

“पासवर्ड कुणाला ठाऊक होता?”

“पोटमाळ्यावर असताना आम्ही सगळंच एकमेकांना सांगायचो. नंतर त्यानं बदललाही असेल.”

“अकाउंट इतके दिवस बंद का नाही केलं?”

“राहून गेलं.”

होयबा खिडकीबाहेर बघत होते. बाईंनीही पाहिलं. खाली आवारात चष्मेवाला एक जुनी मोटरसायकल लावत होता. टाकीवरचा रंग उडालेला, पण पुसून लख्ख ठेवलेली.

“गाडी जपतो तो,” बाई म्हणाल्या.

“नाहीरावची आहे. वहिनींनी त्याला देऊन टाकली.”

“म्हणजे नाहीरावांच्या चाव्याही त्याच्याकडं गेल्या असतील?”

टेबलावरचा फोन थरथरला. होयबांनी तो घाईनं उचलला आणि बोलत बोलत बाहेर निघून गेले. प्रश्न तसाच खोलीत राहिला.

३

“माझ्यावर संशय आहे ना?” चष्मेवाल्यानं बसायच्या आधीच विचारलं. “सगळ्यांनाच आहे. कालपासून माझ्या टेबलाशी चहाला कुणी थांबत नाही.”

“तुम्ही केलंत?”

“केलं असतं तर आज ताठ मानेनं बसलो असतो. मी त्या पानावर ‘संमती आहे’ लिहिलं, बाई. घरी जुळी मुलं आहेत. पगार चालू राहायला हवा.” त्यानं चष्मा काढून पुसला. “आणि खरं सांगू का, मला खात्री होती की वहिनी सही करणार नाहीत. नाहीरावांचा कोड त्या बंद होऊ देतील, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हटलं, आपण होय म्हणून मोकळं व्हावं. अडणार ते तिथं अडेलच.”

“त्यांनी सही केली हे कधी कळलं?”

“दुसऱ्या दिवशी. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं.”

बाईंनी गाडीची चावी बघायला मागितली. त्यानं खिशातून काढून दिली. बुटाच्या नाडीत ओवलेली एकटी चावी.

“बाकीचं जुडगं?”

“जुडगं कसलं? गाडी माझ्याकडं आली तेव्हा एवढंच होतं. नाडीही मीच बांधली.”

“आणि त्या अकाउंटचं?”

“कितीदा सांगितलं साहेबांना. गेलेल्या माणसाचं दार उघडं ठेवू नका, कुणी तरी शिरेल. दर वेळी होय, होय करू. केलं मात्र नाही.”

बाईंनी तो संदेश पुन्हा समोर धरला. आता त्यांना जे खटकत होतं त्याचं एक टोक हाती लागलं.

“नाहीराव तुम्हाला कधी अरे-तुरे करायचे?”

“कधीच नाही. मी शिकायला आलो होतो तेव्हासुद्धा ‘अहो चष्मेवाले, इकडं बघता का जरा’. लिहिताना तर सगळ्या जगाला तुम्ही.” तो थबकला. त्याचं बोट ‘करू नकोस’वर जाऊन थांबलं. “तू म्हणायचे ते एकट्या साहेबांना.”

“म्हणजे हे उघड्या पानावर असलं तरी एकाच माणसासाठी लिहिलंय.”

“साहेबांना अडवायला,” चष्मेवाला हळूच म्हणाला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. “टेम्पोवाल्या काकांना विचारा. ज्या दिवशी ही ओळ आली, त्याच दिवशी सकाळी ते इथं येऊन ओरडून गेले होते. म्हणाले, तुम्हाला अडवणारं कुणीतरी निघेलच, बघा.”

४

टेम्पोवाल्या काकांचं ऑफिस म्हणजे गाड्यांच्या आवारातली पत्र्याची खोली. टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर घरघरत होता आणि त्याच्यावर वाटाड्या चालू होता. कंपनीला एक पैसा न देता, त्यांचा ते चालवत.

“ओरडलो. नाही कशाला म्हणू?” काकांनी बाईंसाठी खुर्चीवरच्या पावत्या उचलल्या. “उद्या नवा वाटाड्या कुलपात गेला की मी या जुन्यावरच अडकणार, नाहीतर महिन्याच्या महिन्याला भरत बसणार. पण नुसतं फुकट म्हणून मला तो आवडत नाही हो. बिघडला तर उघडून बघता येतो. मला नाही, पण माझ्या पुतण्याला येतो. त्यानं त्यात भरही घातलीय.”

“मग पुतण्यानं संमती का दिली?”

काका जरा ओशाळले. “होयबांनी स्वतः फोन केला. पगार थकतील म्हणाले. माणूस रडकुंडीला आलेला. मी पोराला म्हटलं, देऊन टाक. ती बाई काही सही करायची नाही, तेव्हा आपण कशाला वाईट व्हायचं?”

“नाहीरावांची पत्नी?”

“तीच. नवऱ्याच्या मागं असा हट्टानं उभा राहणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. तो इथं अख्खा दिवस येऊन बसायचा, माल कसा चढवतात ते बघत. मग संध्याकाळी ती यायची, त्याला घेऊन जायला. आम्हाला सांगायची, यांना जेवायचं आठवत नाही.” काका बाहेरच्या गाड्यांकडं बघत राहिले. “अजून कधी गाडी भरताना वाटतं, मागून विचारील, ‘हे खोकं आधी का घेतलंत?’ दुसऱ्या कुणाला पडायचा नाही असला प्रश्न.”

बाईंनी थोडं थांबून सांगितलं, “त्यांनी सही केली, काका. ती ओळ आली त्याच दुपारी.”

काकांचं तोंड उघडंच राहिलं. हे त्यांना आत्ताच कळत होतं, याबद्दल शंकेला जागा नव्हती.

आवाराच्या फाटकातून बाहेर पडताना बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. संमतीचं पान कित्येक आठवडे उघडं होतं आणि इतके दिवस नाहीराव गप्प होते. सगळ्यांना वाटत होतं, अडायचं ते वहिनींपाशी अडेल. ते अडलं नाही आणि लगेच नाहीराव बोलले. त्या दुपारी, त्या घटकेला, सही झाल्याचं माहीत होतं तरी कुणाला?

५

वहिनी हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायच्या. एका कोपऱ्यात पडदा लावून त्यांची जागा केलेली, तीही भाड्याची. बाई गेल्या तेव्हा त्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा गुडघा वाकवत होत्या. “दुखतंय ते माहीत आहे मला. अजून थोडं,” असं म्हणत त्यांनी तो हवा तितका वाकवून घेतलाच. गृहस्थ गेल्यावर त्यांनी हात धुतले आणि पडदा ओढला.

“मी नाही लिहिलेलं,” त्या म्हणाल्या. “सही करायची आणि मागून त्यांच्या नावानं नाही म्हणायचं, एवढी दुतोंडी मी नाही.”

“सही का केलीत?”

“व्यवहार झाला की त्यांच्या वाट्याचे पैसे मला मिळतील. मला माझी खोली हवी आहे. खिडकी असलेली. पडद्याआड लोकांना कण्हायचीसुद्धा लाज वाटते.” त्या थांबल्या. “आणि होयबाभावजींनी विचारलं म्हणून. इथंच, दोन पेशंटच्या मध्ये. कागद पुढं केला आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, काहीतरी अजून बोलतील. बोलले नाहीत. मी सही केली. त्यांनी कागद घेतला, घडी घातली, पुन्हा उलगडून बघितला. मग गेले.”

“कुणाला सांगितलंत?”

“कुणाला सांगणार? पुढचा पेशंट दारात होता. घरी गेल्यावर चष्मेवाल्यांच्या बायकोचा फोन आला, असं असं पानावर आलंय म्हणून.”

त्यांनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत.

“वाचल्यावर काय वाटलं?” बाईंनी विचारलं, आणि विचारल्याचं त्यांना वाईट वाटलं.

“मूर्खासारखं वाटलं. एक क्षणभर मला वाटलं, ते आहेत. कुठंतरी आहेत आणि मी केलेलं त्यांना आवडलं नाही.” वहिनींनी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. “मग ‘नकोस’ वाचलं आणि कळलं, मला नाही हे. आम्ही दोघं एकमेकांना अहो-जाहो करायचो. लोक हसायचे. भांडतानासुद्धा अहो. तेवढ्यावरून मला कळलं की ते नाहीत. दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं.”

पडद्यापलीकडं कुणी तरी खोकलं. बाईंनी शेवटचं विचारलं.

“मोटरसायकल चष्मेवाल्यांना तुम्ही स्वतः दिलीत?”

“नाही. मला त्या गाडीकडं बघवत नव्हतं. भावजी म्हणाले, मी नीट करून घेतो आणि पोचवतो. त्यांच्या हातात दिली.”

“नुसती गाडीची चावी?”

“सुटी करायला धीर झाला नाही मला,” वहिनी म्हणाल्या. “अख्खं जुडगंच दिलं.”

६

बाई लगेच ऑफिसात गेल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या बाकावर बसून त्यांनी सगळं पुन्हा एकदा मनाशी मांडलं, कारण उत्तर त्यांना नको होतं. चष्मेवाला असता तर बरं झालं असतं. एखादा परका चोर असता तर आणखी बरं.

होयबा खोलीत एकटेच होते. बाईंनी दार लावून घेतलं.

“तुम्हीच लिहिलंत ते,” त्या म्हणाल्या.

होयबांनी टेबलावरचा फोन सुलटा केला आणि पुन्हा पालथा घातला.

“सही झाल्याचं त्या दुपारी दोघांनाच माहीत होतं. वहिनींना आणि तुम्हाला. वहिनींकडं चावी नाही. अख्खं जुडगं त्यांनी तुमच्या हातात दिलं होतं. चष्मेवाल्याकडं पोचली ती एकटी चावी. मधल्या मध्ये जुडगं राहिलं ते तुमच्याकडं. त्याबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही फोन घेऊन निघून गेलात.”

“फोन खरंच आला होता.”

“असेल. पण परत येऊन उत्तर दिलं नाहीत.” बाईंनी तो संदेश टेबलावर ठेवला. “आणि हा नकार नाहीरावांचा नाही. त्यांचे सगळे वाचलेत मी. कारण सांगितल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. यात कारणच नाही. ज्यानं लिहिलं त्याला नुसतं ‘नाही’ ऐकायचं होतं, आणि तेही कुणी ‘तू’ म्हणून सांगितलेलं. तसं सांगणारा या जगात तुमच्यासाठी एकच माणूस होता.”

होयबांनी खण उघडला आणि जुडगं काढून ठेवलं. घराची, पोटमाळ्याची, कसल्या तरी पेटीची, आणि त्यांच्यात ती पेराएवढी चावी.

“फेकून देणार होतो,” ते म्हणाले. “मग एकदा सहज लावून बघितली. पासवर्ड तोच होता, पोटमाळ्यावरचा. आत बघतो तर त्याला निरोप आलेले. गेल्याचं ज्यांना माहीत नाही अशा लोकांचे. कुठून कुठून. कुणी अडचण विचारतंय, कुणी नुसतं आभार मानतंय. मी वाचायला लागलो. रोज नाही. पण दिवस वाईट गेला की त्याच्या नावानं आत जाऊन बसायचो. त्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटायचं.”

“म्हणून अकाउंट बंद केलं नाहीत.”

“कसं करू?” त्यांनी डोळे चोळले. “बाई, मला हा व्यवहार नको होता. पहिल्या दिवसापासून नको होता. पण मी होय म्हणून बसलो होतो. म्हटलं, चष्मेवाला भांडेल. त्यानं मुकाट्यानं संमती दिली. पुतण्याच्या संमतीसाठी काकांना स्वतः फोन केला, म्हटलं, काका शिव्या घालतील आणि फोन आपटतील. त्यांनीही होय म्हटलं. शेवटी वहिनी. त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मनात म्हणत होतो, नाही म्हणा. एकदा नाही म्हणा. त्यांनी सही केली. जिना उतरताना मला इतकं एकटं वाटलं, तो गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तो असता तर काय म्हणाला असता, ते मी लिहिलं. लिहून झाल्यावर जीव भांड्यात पडला माझा. खरंच तो बोलला असं वाटलं.”

“वहिनींनाही वाटलं,” बाई म्हणाल्या. “एक क्षणभर.”

होयबांनी झटकन वर पाहिलं. हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं.

“अहवालात मी खरं तेच लिहिणार,” बाई उठत म्हणाल्या. “पण तो उद्या सकाळी जाईल. आज दुपार तुमची आहे.”

७

दवाखान्यात दुपारी गर्दी नव्हती. होयबांनी बाईंना सोबत यायला सांगितलं होतं. एकट्यानं पाय उचलत नाहीत म्हणाले. पडद्याआड वहिनी उभ्या, होयबा उभे, आणि बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर. होयबांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

वहिनींनी हातातला टॉवेल बाजूला ठेवला.

“भावजी, माझी सही माझी होती,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला नको होती तर तेव्हाच तोंडानं सांगायचं. मी खिडकीचा विचार सोडला असता, नाहीतर तुमच्याशी भांडले असते. पण तुम्ही त्यांना उठवलंत. माझ्याविरुद्ध.”

“चुकलो, वहिनी.”

“चुकलातच. आणि सही मी मागं घेणार नाही. मी दिलेला शब्द आहे तो. नाही म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा, तुमच्या तोंडानं. त्यांच्या आड लपून नाही.”

होयबांनी फोन काढला. त्यांनी तिथंच उभ्यानं नंबर लावला. पलीकडून गुंतवणूकदारांचा आवाज ऐकू आला, मोकळा, घाईतला. होयबा म्हणाले, “तो नकार मी लिहिला होता. आणि आता माझ्या नावानं सांगतो. नाही. वाटाड्या बंद करायचा नाही मला.” पलीकडून पुष्कळ बोलणं झालं. होयबा ऐकत राहिले. दोन-तीनदा ‘होय’ त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं बाईंना दिसलं. “नाही,” ते पुन्हा म्हणाले, आणि कारणं सांगायला लागले. अडखळत, पुढचं मागं करत, पण सांगितली.

त्या नाहीची झळ पुढं बऱ्याच जणांना लागली. ऑफिसाचा एक मजला सोडावा लागला. चार माणसांच्या नोकऱ्या गेल्या, आणि प्रत्येकाला होयबांनी समोर बसवून स्वतः सांगितलं. चष्मेवाल्यानं हिशेब मांडून दाखवला की भाड्याच्या सर्व्हरांपेक्षा जुनी वापरलेली यंत्रं विकत घेऊन स्वतः चालवली तर कंपनी तगेल, फक्त लहान होऊन. काकांनी आणि त्यांच्यासारख्या आणखी वाहतूकदारांनी मिळून वर्षाची वर्गणी बांधून दिली. कोड उघडा राहील या अटीवर. वहिनींची खिडकीची खोली लांबली. बाईंच्या अहवालात एकही शब्द सौम्य नव्हता.

पण हे सगळं मागाहूनचं. त्या दुपारी फोन ठेवल्यावर होयबांनी जुडगं वहिनींपुढं धरलं.

“अकाउंट आज बंद करतो,” ते म्हणाले. “तुमच्यासमोर.”

“थांबा.” वहिनी पहिल्यांदाच बसल्या. “ते निरोप. लोकांचे, त्यांना आलेले. ते मला दाखवा आधी.”

होयबांनी लॅपटॉप उघडला, चावी लावली. वहिनी स्क्रीनजवळ सरकून वाचू लागल्या. एका बेकरीवाल्यानं पाव पोचवायला वाटाड्या वापरला होता आणि आता त्याला पहाटे तासभर जास्त झोप मिळत होती. एका मुलीनं आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम त्यांचा कोड वाचून लिहिला होता. एकानं भांडण उकरून काढलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, तुम्ही नाही म्हणालात तेव्हा राग आला होता, आता पटतंय. वहिनी एकेक हळूहळू वाचत होत्या, काही दोनदा. एकदा त्या मोठ्यानं हसल्या आणि मग तोंडावर हात धरला.

“या मुलीनं विचारलंय, पुढं काय शिकू,” त्या म्हणाल्या. “कधीचा आहे हा?”

“गेल्या उन्हाळ्यातला.”

“आणि तुम्ही वाचून तसाच ठेवलात?”

“त्याच्या नावानं काय लिहिणार होतो, वहिनी?”

“त्यांच्या नावानं नाही.” वहिनींनी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. “तुमच्या नावानं लिहा. ते गेलेत म्हणून सांगा तिला. आणि मग तिनं विचारलंय त्याचं उत्तर द्या.”

होयबांनी खुर्ची पुढं ओढली. बाहेर एक पेशंट येऊन बसला होता. परवानेबाई पडदा सारून बाहेर गेल्या आणि त्याला म्हणाल्या की आत जरा वेळ लागेल.